मावळ्याचा वंश कोणता?

येत्या जनगणनेत प्रत्येक माणसाची जात लिहून घेण्याचा निर्णय भारत सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. तेव्हापासून या प्रश्नाचा दोन्ही बाजूंनी पुष्कळ खल झाला आहे. १९३१ सालानंतरच्या कोणत्याही दशवार्षिक जनगणनेत सर्व जातींचे आकडे प्रसिद्ध झालेले नाहीत. तेव्हा वाद माजावा यात नवल नाही. एक पक्ष म्हणतो, जात विचारली की ती अधिकच घट्ट होईल. दुसरा म्हणतो, जात मोजल्यावाचून कोणास काय मिळाले व कोणाचे काय बुडाले हे कळणार नाही. दोन्ही पक्षांत विचारी माणसे आहेत, आणि दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश आहे. परंतु हा वाद दिल्लीच्या सभागृहात जितका निकालात निघेल त्यापेक्षा अधिक लवकर तो पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात निघेल, असे आम्हांस वाटते. कारण मनुष्याचा वंश म्हणजे काय, तो कोण ठरवितो आणि ठरविल्यावर त्याचा उपयोग कोणास होतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वडगावपासून खंडाळ्यापर्यंतच्या या लहानशा पट्ट्यात, पाहणाऱ्यास दिसतील अशी, पडलेली आहेत.

प्रथम 'मावळा' हा शब्दच घ्या. मावळ म्हणजे मावळतीचा मुलुख. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील दऱ्याखोऱ्यांचा प्रदेश. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ ही नावे तेथील नद्यांवरून व गावांवरून पडली, कोणा कुळावरून पडली नाहीत. तेथे राहणारा तो मावळा. शिवछत्रपतींच्या सैन्यात हे नाव अजरामर झाले, त्या वेळी ते नाव धारण करणारे सर्व एका जातीचे होते काय? मुळीच नाही. गडाची व्यवस्था कशी असे हे इतिहासाच्या सामान्य वाचकासही ठाऊक आहे. हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू. आणि गडाच्या घेऱ्यात, रानात, चोरवाटांवर डोळ्यांत तेल घालून जागणारे रामोशी, महार, मांग, कोळी. लोहगड, विसापूर, तिकोना, राजमाची हे किल्ले अशाच मिश्र पहाऱ्यावर सुरक्षित राहिले. यांतील प्रत्येकाची पंगत निराळी होती, हे आम्ही नाकारीत नाही. स्वराज्याने जातिभेद मोडला असा दावा करणे म्हणजे इतिहासावर आपली इच्छा लादणे होय. परंतु पंगत निराळी असली तरी नाव एक होते, आणि ते नाव रक्ताने दिलेले नव्हते, भूमीने दिलेले होते. ही गोष्ट लहान नाही.

आता त्याहून मागे जाऊ. लोणावळ्याच्या पूर्वेस तीन कोसांच्या आत कार्ल्याचे चैत्यगृह आहे. एकवीरेच्या दर्शनास जाणारे सहस्रावधी कोळी, आगरी व कायस्थ प्रभू यात्रेकरू त्याच्या दारावरून जातात. त्या चैत्यगृहाचे खांब कोणी दिले हे खांबांवरच कोरलेले आहे; आणि त्या दात्यांपैकी कित्येक जण आपणांस धेनुकाकट येथील 'यवन' म्हणवितात. हे यवन खास ग्रीस देशातून आलेले होते, की यवनांच्या वसाहतीत राहून ते नाव पावलेले होते, याविषयी पंडितांत मतभेद आहे. परंतु आपण यवन आहो हे त्यांनी लपविले नाही आणि त्यांचे दान कोणी नाकारले नाही, हे निर्विवाद आहे. त्याच लेण्यात शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिल्याचा लेख आहे. ते यवन कोठे गेले? ते शक कोठे गेले? ते कोठेच गेले नाहीत. ते आपल्यात मुरले. आज मावळात भाताची खाचरे लावणाऱ्या कोणा शेतकऱ्याच्या, मंदिरात घंटा वाजविणाऱ्या कोणा गुरवाच्या, अथवा पुण्यात वंशशुद्धीवर व्याख्यान देणाऱ्या कोणा पंडिताच्या देहात त्यांच्या रक्ताचा थेंब नसेल, असे छातीठोकपणे कोण सांगू शकेल?

आनुवंशिकीचे शास्त्रही अलीकडे हेच सांगू लागले आहे. हिंदुस्थानातील अनेक जनसमूहांच्या रक्ताचे परीक्षण करून २०१३ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असा निष्कर्ष निघाला की, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथील भिन्न भिन्न समूहांचे एकमेकांत विपुल मिश्रण झाले आणि त्यानंतर जातीबाहेर लग्न न करण्याची चाल दृढ होत गेली. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा काळ म्हणजे साधारणपणे कार्ल्याची लेणी भरभराटीत होती तोच काळ. अर्थात ज्या सुमारास यवन व शक आमच्या डोंगरात खांब आणि गावे दान देत होते, त्या सुमारासच आम्ही आपल्या घरांची दारे एकमेकांस लावून घेऊ लागलो. तात्पर्य काय, तर शुद्ध वंश ही वस्तू आमच्या देशात नाही. बंद दारे मात्र आहेत. वंश खोटा, पण दार खरे. आणि दाराबाहेर ज्याला उभे केले त्याचे दुःखही खरे.

हे खोटे शास्त्राच्या वेषात आमच्या गळी कोणी उतरविले, तेही सांगितले पाहिजे. १९०१ सालच्या जनगणनेचे प्रमुख सर हर्बर्ट रिस्ले यांनी हिंदुस्थानातील लोकांची नाके व कवट्या मोजविल्या, आणि नाक जितके रुंद तितकी जात हलकी, असा सिद्धांत मांडला. त्यांच्या वर्गीकरणात मराठा ब्राह्मण व कुणबी हे 'सिथो-द्राविडी' ठरले. कोकणस्थांचे घारे डोळे पाहून त्यांस समुद्रापलीकडे धाडणारे पंडित तर आमच्यातही निघाले. वाचकांनी ध्यानात ठेवावे की, नाके मोजणारे हेच रिस्ले साहेब पुढे हिंदुस्थान सरकारचे गृहखात्याचे चिटणीस झाले आणि १९०५ साली अमलात आलेल्या वंगभंगाच्या योजनेत त्यांचा हात होता. ज्यास माणसे विभागून मोजण्याची सवय लागली, त्यास देश विभागून राखण्याची युक्ती सुचली, तर त्यात आश्चर्य कसले?

लष्करातही हेच झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढाऊ वंश' नावाची कल्पना सरकारने उचलून धरली, आणि कंपनी सरकारच्या पलटणीत पिढ्यान्‌पिढ्या शौर्य गाजविलेल्या महारांची भरती १८९० नंतरच्या काही वर्षांत बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसांची चणचण भासली तेव्हा १९१७ साली महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर ती मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली, तेव्हा १९४१ साली महार रेजिमेंट जन्मास आली. माणसाचे रक्त सरकारच्या गरजेप्रमाणे लढाऊ होते आणि गरज सरताच बिनलढाऊ होते, यावरूनच ते 'वंशशास्त्र' किती किंमतीचे होते, हे उघड आहे.

या खोट्या शास्त्राचा समाचार आमच्याच लोकांनी घेतला, ही अभिमानाची गोष्ट होय. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली रिस्ले यांच्या सिद्धांताची छाननी केली. डॉ. आंबेडकरांनी त्या मोजमापांचाच आधार घेऊन १९४८ साली दाखवून दिले की, अस्पृश्यतेच्या मुळाशी वंशभेद नाही. आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ज्यांनी पुढे आयुष्य वेचले त्या इरावतीबाई कर्वे यांनी तर त्याआधीच, बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्यासारख्या वंशवादी गुरूच्या हाताखाली राहून, कवट्यांच्या मापावरून गोऱ्यांचे श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही असा निष्कर्ष काढण्याचे धैर्य दाखविले. तरुण हिंदू बाईने जर्मन प्राध्यापकासमोर त्याच्याच शास्त्राने त्याला खोटे ठरवावे, यापेक्षा अधिक चांगला राष्ट्रीय बाणा कोणता?

वंशाच्या नावाखाली अपमान कसा होतो, हे आम्हांस पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. बोरघाटाची रेल्वे १८६३ साली खुली झाली. त्या कामावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकी, ताप व सुरुंग यांनी त्यांतील हजारो मेले. थकलेल्या मजुरीवरून १८५९ साली दंगाही झाला. इंजिनिअरांची व कंत्राटदारांची नावे इतिहासात आहेत. मजुरांची नाहीत. रेल्वे सुरू झाल्यावर लोणावळ्यास इंजिनांचा कारखाना, गोऱ्यांची वस्ती व त्यांच्या सोयी उभ्या राहिल्या. गाडीत युरोपियन व अँग्लो-इंडियन यांच्यासाठी राखीव डबे असत, आणि हिंदी माणसाने पैसे मोजूनही त्या दारातून आत जाऊ नये असा नियम असे. वरच्या हुद्द्याच्या जागा व पगार यांतही कातडीचा रंग पाहिला जाई. १८९९ साली जी.आय.पी. रेल्वेच्या हिंदी सिग्नलवाल्यांनी संप केला, तेव्हा राष्ट्रीय वृत्तपत्रांनी त्यांची बाजू उचलून धरली ती याच जाणिवेने.

कायद्याची स्थितीही तीच होती. मुफस्सलातील हिंदी मॅजिस्ट्रेटाने गोऱ्या आरोपीचा खटला चालवावा, एवढ्यासाठी १८८३ साली इल्बर्ट साहेबांनी बिल आणले, तर सारा गोरा समाज खवळून उठला. आणि १८८४ साली जो कायदा झाला त्यात गोऱ्या आरोपीस निम्मी ज्यूरी गोऱ्यांची मागण्याचा हक्क राहिला. फौजदारी कायद्यातील हा वंशभेद पूर्णपणे निघून जाण्यास स्वराज्य यावे लागले. १९४९ सालच्या कायद्याने तो नष्ट झाला. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान या कारणांवरून राज्याने कोणासही वेगळी वागणूक देऊ नये, असे लिहिले गेले. वंश व जात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसले; कारण गोऱ्यांनी आम्हांस जे केले आणि आम्ही आपल्या भावंडांस जे केले, ते घटनाकारांच्या नजरेतून सुटले नव्हते.

येथे आम्ही वाचकांस मुद्द्याच्या मर्मावर आणतो. राखीव डब्याची चीड ज्यास येते, त्याने लोणावळ्याच्या किंवा पवनेच्या काठच्या रानात एखाद्या कातकरी वाडीकडे डोळे उघडून पाहावे. कातकरी हा सह्याद्रीचा मूळ रहिवासी. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा त्याचा परंपरागत धंदा, आणि त्यावरूनच त्याचे नाव पडले. आमच्या विड्याला रंग चढला तो त्याच्या भट्टीवर. पण विडा खाऊन तोंड लाल करणाऱ्याने त्याच्या हातचे पाणी घेतले नाही. १८७८ सालच्या जंगल कायद्याने राने राखीव झाली आणि त्याचा धंदा गुन्ह्याच्या हद्दीत गेला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, त्यानंतर विटांच्या. पावसाळ्यात चूल विझते तेव्हा मुकादम 'उचल' देतो, आणि दसरा-दिवाळी झाली की ती उचल फेडण्यासाठी कुटुंबच्या कुटुंब मुलाबाळांसह भट्टीवर जाते. हिशेब मुकादमाच्या वहीत. कातकऱ्यास वाचता येत नाही. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. परंतु ज्या कर्जाच्या फेडीसाठी माणसाचे श्रम बांधले जातात, त्या कर्जास उचल म्हटले काय आणि आगाऊ मजुरी म्हटले काय, कायद्याच्या दृष्टीने ती वेठबिगारीच होय.

कातकरी राष्ट्राच्या कामास आला नाही, असेही कोणी म्हणू नये. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. तेथे प्राण देणाऱ्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी यांचे नाव आहे. ज्या रानातून त्याच्या जमातीस हुसकावले, त्याच रानासाठी त्याने देशाच्या झेंड्याखाली गोळी खाल्ली. घाटाखालच्या त्या कातकऱ्याचे रक्त आणि घाटावरच्या वाडीतील कातकऱ्याचे रक्त एकच. मग त्याच्या जमातीच्या वाट्यास स्वराज्यातून काय आले?

एक गोष्ट आली. त्याचे नाव यादीत आले. अनुसूचित जमातींची मोजणी स्वराज्यातील प्रत्येक जनगणनेत झालेली आहे. २०११ साली महाराष्ट्रात कातकऱ्यांची संख्या सुमारे दोन लाख पंचाऐंशी हजार भरली. सरकारने त्यास विशेष दुर्बल जमातींत गणले आहे. अशा जमाती महाराष्ट्रात तीनच, कातकरी, कोलाम व माडिया गोंड. तेव्हा, मोजल्याने जात घट्ट होते म्हणणाऱ्या पक्षास आम्ही विचारतो की, कातकऱ्यास मोजल्याने अशी कोणती जात घट्ट झाली, जी आधीच त्याच्या गळ्यास आवळलेली नव्हती? आणि मोजले म्हणजे न्याय मिळतो म्हणणाऱ्या पक्षास आम्ही विचारतो की, इतक्या वेळा मोजून कातकऱ्यास काय मिळाले? दोघांनीही या वाडीत येऊन उत्तर द्यावे. नोंद ही स्वतः विषही नव्हे आणि औषधही नव्हे. नोंद कशासाठी, हाच खरा प्रश्न.

इतिहासात याचे दोन्ही मासले आहेत. १८७१ सालच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जमातीचे नाव वहीत लिहिले ते तिच्यातील जन्मलेल्या पोरासही संशयित ठरविण्यासाठी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, आणि गडाचे पहारे करणारा रामोशी आज 'विमुक्त' या यादीत आहे. पण गावात चोरी झाली की कोणाच्या दारी प्रथम जावे, हे ठाण्यातील जुनी सवय अद्याप ठरवीत असते. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांतील जातवार कामवाटप घटनाबाह्य ठरवून कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले, ते योग्यच झाले. तुरुंगातील रकाना माणसास झाडू देण्यासाठी होता. जनगणनेतील रकाना माणसास त्याचे देणे देण्यासाठी असेल, तर तो राहावा. नाही तर त्याचेही समर्थन करता येणार नाही.

आता कायद्याचे दुसरे अंग पाहू. यादीत नाव आले, तरी 'मी त्या यादीतला' हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. महाराष्ट्राच्या जातप्रमाणपत्र व पडताळणीच्या कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. अनुसूचित जमातीच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. खोट्या दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावल्या जातात हे आम्ही जाणतो, आणि पडताळणी असावी याबद्दल आमचा वाद नाही. परंतु ज्याच्या आज्याने शाळेचा उंबरठा पाहिला नाही, ज्याच्या नावावर सातबारा कधी चढला नाही, ज्याचा जन्म भट्टीवर आणि मृत्यू रानात झाला, त्याने १९५० पूर्वीचा कागद कोठून आणावा? लबाडास कागद सापडतो. खऱ्यास सापडत नाही. जो पुरावा निर्माण होण्याची सोयच समाजाने ठेवली नाही, तो पुरावा नसल्याचे खापर त्या माणसाच्या माथी फोडणे, हा न्याय नव्हे.

कागद नसेल तेथे चालीरीती, देवदेवता व बोलीभाषा यांवरून जमातीशी 'आप्तभाव' पाहण्याची कसोटी आली. रिस्ले साहेबांची नाक मोजण्याची पट्टी गेली आणि चालीरीती मोजण्याची पट्टी आली. दोहोंत अंतर आहे, हे मान्य. पण शिकून शहरात राहिलेला ठाकर मुलगा आजीचे लग्नविधी सांगू शकला नाही म्हणून तो ठाकर नव्हे, असे ठरू लागले तर आदिवासीने आदिवासी राहण्यासाठी अडाणीच राहावे, असा त्याचा अर्थ होईल. ठाकूर जमातीच्या दाव्यांसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये असे सांगितले की, आप्तभावाची ही कसोटी निर्णायक मानता येणार नाही. हा निर्णय तालुक्याच्या प्रत्येक कचेरीत भिंतीवर लावण्याजोगा आहे.

आणि शेवटी जमीन. लोणावळा-खंडाळ्यापासून पवनेच्या काठापर्यंत आज जमिनीचा भाव गुंठ्यावर चालतो. मुंबई-पुण्याचे धनिक शनिवार-रविवारच्या विश्रांतीसाठी बंगले बांधतात. त्या बंगल्यांचा पाया खणणारा, गवत काढणारा, रात्री राखण करणारा पुष्कळदा कातकरी असतो. परंतु त्याची स्वतःची झोपडी ज्या जमिनीवर उभी आहे ती अनेक ठिकाणी दुसऱ्या कोणाच्या नावावर असते. बापजाद्यांनी तेथे वस्ती केली ती मालकाच्या शेतावर मजूर हवा होता म्हणून. आता मालकास मजूर नको, गिऱ्हाईक हवे आहे. विशेष दुर्बल जमातींसाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये जनमन योजना काढून पक्क्या घरांस पैसा देऊ केला, ही चांगली गोष्ट आहे. पण घर हवेत बांधता येत नाही. पायाखाली जमीन नाही, म्हणून घरकुल नाही. घर नाही, म्हणून पत्ता नाही. पत्ता नाही, म्हणून दाखला नाही. दाखला नाही, म्हणून जमीन नाही. असा हा रहाटगाडगा आहे. त्यातच पुणे जिल्ह्यात आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, मावळ येत नाही. त्यामुळे ग्रामसभेस विशेष अधिकार देणारा १९९६ सालचा पेसा कायदाही येथल्या वाडीस लागू पडत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. 'कातकऱ्यास एका जागी राहणेच आवडत नाही. भटकणे त्याच्या रक्तात आहे.' आम्ही स्पष्ट सांगतो, हे रिस्लेचेच भूत आहे, मराठी बोलते एवढेच. ज्यास आठ महिने पोटासाठी भट्टीवर जावे लागते आणि उरलेले चार महिने दुसऱ्याच्या जमिनीवर भीत भीत काढावे लागतात, त्याच्या पायास भिंगरी रक्ताने लावलेली नसते, ती भुकेने लावलेली असते. दुसरा आक्षेप असा की, गरीब सर्व जातींत आहेत, मग कातकऱ्याचाच कैवार कां? गरीब सर्वत्र आहेत, हे खरे. परंतु गरीब मराठ्यास किंवा गरीब ब्राह्मणास गावात घर बांधताना 'तू येथला कोण?' असे कोणी विचारीत नाही. हा प्रश्न ज्यास विचारला जातो त्याचे दारिद्र्य निराळ्या जातीचे आहे.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या व नेमक्या आहेत. एक, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ अन्वये गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस आहे. तो वापरून मावळातील प्रत्येक कातकरी व ठाकर वाडीची मोजणी व्हावी आणि वस्तीची जमीन गावठाण म्हणून नोंदली जावी. जमीन खाजगी असेल तेथे मालकास रास्त मोबदला सरकारने द्यावा. शेतमजुराच्या राहत्या घरास संरक्षण देण्याचे तत्त्व १९४८ च्या कुळकायद्यातच आहे; ते नव्याने शोधून काढावयाचे नाही, अमलात आणावयाचे आहे. दोन, दाखल्यासाठी वाडीने कचेरीत खेपा घालू नयेत, कचेरीने वाडीत यावे. आणि एका घराची चौकशी पूर्ण झाली की त्याच कुळातील इतरांस तोच पुरावा चालावा. तीन, २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावे नाकारताना कारण लेखी, मराठीत व अर्जदारास वाचून दाखवून द्यावे. चार, हंगाम सुरू होण्यापूर्वी उचलीच्या वह्या कामगार खात्याने तपासाव्यात, आणि भट्टीवर गेलेल्या मुलांची शाळा बुडणार नाही अशी व्यवस्था व्हावी. यांपैकी एकाही गोष्टीस नवा कायदा लागत नाही. इच्छा लागते.

परंतु सर्व भार सरकारवर टाकून मोकळे होणे आम्हांस शोभणार नाही. शिवजयंतीस मावळ तालुक्यात गावोगाव पोरे मावळ्याचा वेष करून मिरवणुकीत निघतात. डोक्यास पागोटे, हाती भाला. तो वेष पाहून आमची छाती फुगते, आणि ती फुगावी. पण त्या मिरवणुकीत कातकरी वाडीतले पोर कोठे असते? ते रस्त्याच्या कडेस उभे राहून पाहत असते, की भट्टीवर विटा थापीत असते? मावळा हे नाव भूमीने दिलेले असेल, तर त्या भूमीवर कातकऱ्याइतका जुना हक्क कोणाचा? आणि ते नाव आम्ही काही विशिष्ट कुळांपुरतेच राखून ठेवले असेल, तर घाटाच्या गाडीतील तो राखीव डबा आम्ही अजून मोडलेला नाही. त्यावरील पाटी तेवढी बदलली आहे.

१ मार्च २०२७ हा येत्या जनगणनेचा संदर्भदिन ठरला आहे. गणक पुन्हा एकदा त्या वाडीत जाईल, नाव विचारील, जमात विचारील आणि रकाना भरील. त्या रकान्यात काय लिहिले जाणार हे आजच ठाऊक आहे. त्या माणसाच्या पायाखालची जमीन कोणाची, हे उत्तर तोपर्यंत बदलेल की नाही, एवढेच आमच्या हाती आहे. मावळ्याचा वंश कोणता, असे पुढे कोणी विचारले तर या तालुक्याने छातीवर हात ठेवून सांगावे की, या मातीत जो राबला आणि जो राहिला तो आमच्या वंशाचा. मात्र असे सांगण्यापूर्वी त्याला राहावयास माती द्यावी.